टोकू नये

"सोमवारी तुजं इमान लई खाली आलतं रे," माय म्हणाली, आणि भारतच्या हातातली बशी कलंडून गरम चहा मांडीवर सांडला.

चटका चांगलाच बसला, पण तो उठला नाही. उठलं की माय विचारणार काय झालं, बायनाआत्या ओलं फडकं घेऊन धावणार, आणि त्या गडबडीत मायनं तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगितलं तर काय करायचं? त्यापेक्षा मांडी पोळलेली बरी. परळीच्या त्या अंगणात लिंबाखाली मायची बाज टाकलेली होती. आडवं झालं की दम लागतो म्हणून पाठीशी तीन उशा, आणि त्यामुळं तिचं तोंड सदा आभाळाकडं. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली, भारतला हैदराबादेत विमान कंपनीत नोकरी लागली, तेव्हापासून औरंगाबादेला जाणारं विमान दुपारचं परळीवरून जायचं आणि केसरबाई, म्हणजे त्याची माय, ते दिसेनासं होईस्तोवर बघत राहायची. रोज काही भारत त्यात नसायचा. कधी दुसऱ्याची पाळी असायची. हे तिला दहादा सांगून झालं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी. येणारं-जाणारं हरेक विमान तिच्या लेकाचंच. आणि नेमकं सोमवारी ते खरंच त्याचं होतं.

"मला बघायला आलतास न्हवं खाली?"

"हौ," तो म्हणाला. "तुलाच बघायला."

"मला वाटलंच. बायनाबाईला म्हनलं बी मी, ह्येला माजी सय आली. आन् तुज्या खालून दुसरं एक गेलं. इतकं जवळून! जत्रंत गाडीला गाडी घासून जाती तसं. ते कुनाचं रे?"

"आमचंच. परतीचं."

"मग वळखीचे आस्तेल," माय म्हणाली आणि एवढ्या बोलण्यानंच दमून तिनं डोळे मिटले.

खोटं किती चटकन निघालं तोंडातून! 'हौ' म्हणायला काही कष्ट पडले नाहीत. भारतला स्वतःचीच गंमत वाटली, म्हणजे गंमत नव्हे, शिसारीच, पण ती यायलाही अंगात बळ लागतं आणि ते सोमवारपासून कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. घरी त्यानं सांगितलं होतं, रजा मिळाली. कसली रजा अन् कसलं काय! चौकशी होईतोवर घरी बसा, बोलावलं की या, असं सांगून कंपनीनं त्याला गाडीत बसवून दिलं होतं. बैलगाड्यांना रस्त्यात डावी-उजवी बाजू असते, तशी विमानांना वर-खालची नेमून देतात. जाणाऱ्यानं सात हजार फुटांवरून जायचं, येणाऱ्यानं सहा हजारांवरून. इतकी साधी गोष्ट. आभाळ एवढं मोठं, त्यात एकमेकांच्या अंगावर जायचं म्हटलं तरी जमू नये. पण जमत आलं होतं.

सोराबसाहेब डाव्या, मुख्य वैमानिकाच्या खुर्चीत होते, भारत उजव्या, मदतनीसाच्या. कॅप्टन सोराब म्हणजे ऐरागैरा माणूस नव्हे. लढाईत ब्रह्मदेशाच्या डोंगरांवरून त्यांनी पावसापाण्यात विमानं नेली होती, आणि त्या वेळची राहिलेली झोप अजून त्यांच्या डोळ्यांत आहे असं कंपनीत सगळे म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून ठेवलं होतं, "देख बेटा, मैं उडाता हूँ तो बीच में बकबक नहीं. पूछूँ तो बोल." भारतला ते मुळीच जड गेलं नाही. असल्याच माणसाच्या घरात तो वाढला होता. सोमवारी दुपारचं ऊन काचेतून त्याच्या मांडीवर पडलं होतं, तापलेल्या चामड्याचा आणि तेलाचा वास नाकात बसला होता, इंजिनांचा तोच तो आवाज कानात नव्हे, दातांत घुमत होता. विमान आपोआप धरून ठेवणारं यंत्र आठवड्यापासून बिघडलेलं, म्हणून साहेब हातानंच चालवत होते. काळा चष्मा, दोन्ही हात चाकावर, हनुवटी सरळ. आणि उंची दाखवणारा काटा साताच्या आकड्यावरून खाली सरकायला लागला. घागर पाझरते तितका हळू. भारतनं ते पाहिलं. पाहिलं, हे खरं आहे. मनाशी तरी कशाला लपवाछपवी? पाहिलं आणि त्याला पहिल्यांदा वाटलं, साहेबांनी मुद्दाम उतरवलं असेल. मग वाटलं, खालून परवानगी आली असेल, मागं बसलेल्या रेडिओवाल्यानं साहेबांच्या कानात सांगितलं असेल, आपल्याला ऐकू आलं नसेल. मग वाटलं, आता घेतीलच वर. 'साब, हाइट.' एवढाच शब्द होता. तो जिभेवर येऊन बसलेला त्याला चांगला कळत होता, आणि काटा उतरत होता, आणि खाली परळी आली होती. वैजनाथाचं देऊळ, स्टेशन, रुळांचं वळण. तो घराचा लिंब शोधत बसला. म्हणजे डोळ्यांना काही झालेलं नव्हतं हो, चांगलं दिसत होतं सगळं.

समोर काहीतरी चकाकलं. अभ्रकाच्या कपचीएवढं. ते इकडं सरकलं नाही की तिकडं सरकलं नाही, नुसतं मोठं होत गेलं, आणि तेव्हासुद्धा भारतच्या तोंडातून आवाज फुटला नाही. हातांनीच चाक धरून पोटाशी ओढलं. पायांखालून दुसरं विमान गेलं. त्याच्या खिडक्या दिसल्या, एका खिडकीला निळा पडदा होता. मागं उतारूंच्या पेट्या आदळल्या, कुणीतरी 'या अल्ला' म्हणालं, कुणीतरी हसलं. सोराबसाहेबांनी चष्मा काढला. झोपेतून दचकून उठलेल्या माणसाचे डोळे होते ते. औरंगाबादेला उतरल्यावर विमानाच्या सावलीत उभे राहून ते म्हणाले, "आँख लग गई थी. बस. तू तो नक्शा देख रहा था ना?" आणि भारतनं मान हलवली. नकाशा मांडीवर होता, हे खोटं नव्हतं. साहेबांनी आपण होऊन त्याला सोडवलं होतं. आता चौकशीत साहेबांचं उडणं जाणार, नकाशा बघणारा सुटणार, आणि पुन्हा कुठल्या तरी डाव्या खुर्चीतल्या साहेबाशेजारी जाऊन बसणार. मूग गिळून.

टोकू नये. ही त्या घराची रीतच. तशी ती सगळीकडंच असते. बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठं चाललात' म्हणून विचारू नये, विचारलं की काम नासतं. पण भारतच्या वडिलांच्या, विठ्ठलराव आण्णांच्या, घरात ती रीत उंबऱ्यावर थांबली नव्हती, आत येऊन पाट मांडून बसली होती. आण्णा जेवताना टोकू नये, बोलताना टोकू नये, आण्णांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली तरी दोनदा पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसावं. भारत लहान होता. आण्णा त्याच्या थोरल्या बहिणीची, अंजनाक्काची, सोयरीक ठरवायला मांजरसुंब्याकडच्या एका मोठ्या घरी निघाले होते, नवा फेटा बांधून, अत्तराचा फाया कानात घालून. भारत दारात गोट्या खेळत होता. "आण्णा, कुठं निघालात?" झालं! आण्णा माघारी फिरले, ओसरीवर बसले, पाणी प्याले, आणि पुन्हा निघाले. सोयरीक मोडली. पोराकडल्यांनी आधीच दुसरीकडं शब्द दिलेला होता, हे पुढं कळलं. पण तोवर घरात बोलून झालं होतं, 'भारतनं टोकलं.' त्याला कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, फिटलं तरी असतं. अंजनाला पुढं शिरूर कासारच्या एका बिजवराला दिली. गाडीत बसताना तिनं भारतच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई बोलत जाऊ नको बाबा." रागानं म्हणाली असती तर त्यानं उलट काहीतरी म्हटलं असतं. ती मायेनं म्हणाली.

तेव्हापासून तो बोलत गेला नाही. शाळेत मास्तर त्याला गुणी म्हणायचे, हैदराबादेत उडायला शिकवणारा गोरा त्याला शांत म्हणायचा. ह्याच गुणावर नोकरी लागली असंही म्हणायला हरकत नाही. आणि आता तो थकला होता. गप्प बसण्याचाही थकवा येतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दगड उचलून येतो तसाच येतो, खांद्यांत, मानेच्या मागं. परवा गाडीतून उतरून घरी येताना त्याला एकच वाटत होतं, की अंगणात पथारी टाकावी आणि आपल्याला कुणी काही दाखवू नये.

पण घरानं त्याला आल्या आल्याच दाखवलं. दिवेलागणीला आण्णा मायचं औषध घेऊन अंगणात आले. विठ्ठलराव म्हणजे चार गावांत जमीन असलेला माणूस, कचेरीत गेला तर ज्याला खुर्ची मिळते असा. जन्मात त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी घेतलं नव्हतं. पण मायच्या छातीत पाणी व्हायला लागलं, पाय सुजले, तेव्हा तेच तिला हैदराबादेला घेऊन गेले. डॉक्टरच्या खोलीत आण्णा आणि भारत दोघंच बसले होते. डॉक्टर बाटली पुढं करून म्हणाला होता, "राव साहब, ये दवा भी है और जहर भी. दस बूँद, ग्यारह नहीं." जास्त झालं तर अन्न जाणार नाही, उलट्या होतील, सगळं पिवळं दिसायला लागेल, आणि मग एक दिवस काळीज थांबेल. आण्णांनी बाटली फेट्याच्या पदरात गुंडाळून आणली आणि घरी सांगितलं, हिला कुणी हात लावायचा नाही, मी देईन. आणि देत होते. सकाळ-संध्याकाळ, कचेरी सोडून, पाहुणे सोडून. मायच्या बाजेच्या काठावर बसून. चार माणसांत बायकोशी कधी सरळ न बोललेला तो माणूस तिच्या बाजेवर बसायचा, आणि माय लाजून पदर सावरायची. बायनाआत्यानं हे भारतला सांगताना डोळे पुसले होते.

तर परवा आण्णा बसले. काचेच्या नळीत औषध ओढलं आणि फुलपात्रावर धरलं. ओठ हलत होते, एक, दोन, तीन. पण थेंब त्यांच्या मोजण्याची वाट बघत नव्हते. ते दोन-दोन, तीन-तीन पडत होते, मध्येच धार लागत होती, आणि आण्णा आपले सावकाश, मनापासून, चार, पाच म्हणत होते. नजर फुलपात्रावर नव्हतीच. ती फुलपात्राच्या जरा अलीकडं, कुठं तरी हवेत होती. भारत दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला दिसलं. आणि लगेच वाटलं, आण्णांना माहीत असेल. डॉक्टरनं मागाहून वाढवून दिलं असेल. आपण घरात नसतो, आपल्याला काय ठाऊक? मायनं फुलपात्र तोंडाला लावलं.

मग त्याला सगळंच दिसायला लागलं. आण्णा उठायच्या आत बायनाआत्या त्यांच्या वाटेतला पाट हळूच उचलते. पायताण पायांच्या बरोबर पुढं आणून ठेवते. ताटात भाकरी कुठं, कालवण कुठं, हे बोलत बोलत सांगते, "ही उजवीकडं भाकर घ्या दादा, गरम हाय." आण्णा उंबऱ्याशी आले की पाय पुढं करून चाचपतात आणि घरातलं जो तो दुसरीकडं बघतो. काल सकाळी पुन्हा तसेच थेंब. स्वच्छ उजेडात. त्यानं आत्याला चुलीपाशी गाठलं.

"आत्या, आण्णांना नीट दिसतंय का?"

"दिसतंय की. कावून?"

"थेंब जास्त पडतेत."

"उजेड कमी आसंल."

"सकाळचं ऊन हाय, आत्या."

"मग ऊन लई झालं आसंल!" आत्यानं फुंकणी खाली आपटली. मग इकडंतिकडं बघून हळू बोलली, "गप ऱ्हा लेकरा. त्येंच्या हातात आता तेवढंच ऱ्हायलंय. जमिनीचे कागद मुनीम वाचतो, घोडी इकली. तेवढं एक काम ते सोता करतेत. मोठ्या मान्साला टोकू न्हाई."

आणि भारत गप्प राहिला. काल संध्याकाळी, आज सकाळी. आज दुपारी तो चहा घेऊन मायजवळ बसला तो असा.

मायनं डोळे उघडले. "भारत, तुमची इमानं पिवळी रंगवली का रे?"

"न्हाई माय. चांदीवानी हायेत."

"सोमवारचं पिवळं हुतं. दोनी बी. आज लिंब बी पिवळा दिसतोय. तुजा सदरा बी हळदीवानी झालाय बग. लगीन करून आलास काय गुपचूप?" ती हसली. भारतच्या अंगावर पांढराधोप सदरा होता.

सोमवारी निदान ओढायला चाक होतं, इथं ओढायला काही नव्हतं. आत्या सांगत होती, चार दिवस झाले, भाकरी जात नाही, खाल्लं की ओकते, उन्हाळाच असा पडलाय. उन्हाळा! त्यानं मायचा हात धरला आणि नाडी बघितली. ती चालत होती, थांबत होती, विचार केल्यासारखी पुन्हा चालत होती. दुपार सरता सरत नव्हती. त्याच्या मनात काय काय येऊन गेलं. बाटली लपवावी. बाटलीत पाणी भरून ठेवावं, आण्णांना काय दिसणार आहे? मोजू देत आपले दहा. तो उठून कोनाड्यापर्यंत गेलासुद्धा. बाटलीला हात लावला आणि तसाच उभा राहिला. पुन्हा हातच. पुन्हा चाक ओढून मोकळं व्हायचं, आणि वर नकाशा बघत होतो म्हणायचं. आणि नुसतं पाणी दिलं, तर तिच्या छातीतलं पाणी पुन्हा चढेल, हे काय त्याला कळत नव्हतं? सगळं कळत होतं. कळण्यानं आजवर कुणाचं काही भलं झालेलं त्याला आठवेना. आण्णांचं तोंड त्याच्या डोळ्यांपुढं येत होतं. मायच्या बाजेवर बसलेल्या आण्णांचं, म्हातारपणी पहिल्यांदा मऊ झालेलं. ते आपण आपल्या तोंडानं मोडायचं? की मोडू नये म्हणून मायला मरू द्यायचं? असं उघड विचारल्यावर उत्तर सोपं होतं. त्यालाच ते जड जात होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

देवळातला नगारा वाजला. आण्णा बाहेर आले. आत्यानं पाट उचलला. आण्णा बाजेच्या काठावर टेकले, चाचपून फुलपात्र घेतलं, नळी धरली. एक. तीन-चार पडले. दोन. धार लागली.

"आण्णा."

आवाज भारतचा होता. आत्यानं त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं. आण्णांचे ओठ तीनवर थांबले.

"आण्णा, थांबा. थेंब जास्त पडले."

"भारत!" माय ओरडली. एवढ्या मोठ्यानं ती कितीक दिवसांत बोलली नव्हती. मग दम खात, हात पुढं करून म्हणाली, "काई जास्त न्हाई. पोरगं हाय ते, त्येला काय कळतंय? द्या हिकडं. तुमी रोज देता तेवडंच हाय."

आण्णांनी फुलपात्र दिलं नाही. छातीशी धरलं. मान वळवली नाही, कारण कुणाकडं वळवायची ते त्यांना दिसत नव्हतं.

"किती पडले?"

"विसाच्या वर."

"रोज?"

"मी आलो तवापासून रोज."

आण्णांनी बाटली पुढं केली. ती भारतकडं नव्हे, लिंबाच्या खोडाकडं केली. भारतनं वळसा घालून ती त्यांच्या हातातून घेतली. आण्णा चिडतील, उठून जातील, फुलपात्र भिरकावतील, ह्या सगळ्याला भारत तयार होता. ते चिडले नाहीत.

"मी हिला इचारायचो," ते म्हणाले, "बरोबर पडले का गं. ही म्हनायची, बरोबर."

मायनं पदर तोंडाशी नेला. तिनंही मोजले होते तर. मोजून रोज प्याली होती.

"हिचं सोड. ही मला टोकायची न्हाई, जीव गेला तरी. बायना बी न्हाई. आन् मला दिसत न्हाई, हे मी कुनाला सांगितलं न्हाई, ती माजी मस्ती." फुलपात्र अजून छातीशीच होतं. "पर परवापासून तू हितं हुबा हायस. परवाचं तुज्यादेकत दिलं. कालचं दोनी येळचं दिलं. आज सकाळचं दिलं. डागदराच्या फुडं माज्या शेजारी कोन बसलं हुतं, भारत? तुला ठावं बी हुतं, आन् तुला दिसत बी हुतं."